सायकलवर दुखत नाही

राजेंद्रला कशाचंच फारसं नवल वाटत नसे. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्याची उमर लेथ मशीनवर गेली. लोखंड कापावं, मोजावं, बसलं तर बसवावं, नाही तर पुन्हा घासावं, एवढा सरळ त्याचा हिशोब. पण रिटायर होऊन घरी बसला, दिवसभर बायकोला जवळून बघायला लागला, आणि त्याची मती गुंग व्हायला लागली.

शालन खरवईत अंगणवाडी सेविका. ती नोकरीला लागली तेव्हा अंगणवाडीच्या दारासमोर भाताची खाचरं होती. आता तिथे उंच इमारती आहेत आणि लिफ्टमध्ये गाणी वाजतात. पोरांना शिकवायचं, खिचडी वाढायची, आणि दुपारी घरोघर जाऊन तान्ह्या बाळांची वजनं करायची, हे तिचं काम. हे सगळं ती ज्या पाठीवर आणि ज्या पायांवर करत होती, ते राजेंद्रला आता दिसायला लागलं.

दुखणं कमरेत उठायचं, मांडीच्या मागून पोटरीत उतरायचं आणि तळव्यात जाऊन बसायचं. नुसतं दुखायचं नाही, पेटायचं. चार घरं चालली की पाय शिशासारखे जड व्हायचे. खाली बसलं की थोड्या वेळात आग विझायची. मग पुन्हा चार घरं. लोकांना कळू नये म्हणून ती वाटेत चपलेचा पट्टा नीट करायला खाली बसायची. पट्टा ठीकच असायचा. वर्गात पोरांबरोबर उकिडवी बसून गाणी म्हणायची. पोरांना वाटायचं, बाई आपल्यासारख्याच लहान आहेत. ओट्यापाशी पोळ्या लाटताना ती एक पाय उलट्या ठेवलेल्या डब्यावर टेकवायची. त्या डब्याच्या बुडाला पोचा पडला होता.

डॉक्टर काय कमी केले नाहीत. पहिला बदलापुरातला, घराजवळचा. "काकू, वजन उतरवा," म्हणाला. शालनने भात सोडला, गोड सोडलं, ब्लाउज आत घ्यायला लागले इतकी उतरली. दुखणं होतं तिथेच. पुन्हा गेली तेव्हा तोच डॉक्टर म्हणाला, "अशक्तपणा आलाय तुम्हाला. जरा खात जा."

मग कल्याणचा मोठा हाडांचा डॉक्टर. त्याने एक्स-रे उजेडाला धरला, शालनकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. "वयाप्रमाणे झीज आहे. या वयात सगळ्यांनाच असते."

"पण डॉक्टर, मला उभं राहवत नाही," शालन म्हणाली.

"मग बसा," तो म्हणाला, आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

तिसऱ्याने तर प्रश्न शालनला विचारलेच नाहीत, राजेंद्रला विचारले. घरी काही टेन्शन? मुलीचं लग्न झालं का? रात्री रडतात का या? आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या घेऊन शालनला भरवर्गात झोप लागली. जाग आली तेव्हा पोरं तिच्याभोवती गोल करून गप्प बसली होती, बाईंना उठवायचं नाही म्हणून. त्या दिवसापासून तिने त्या गोळ्या बंद केल्या.

राजेंद्र संतापायचा. "एकेकाच्या टेबलापाशी जाऊन ओरडून येतो," म्हणायचा.

"ओरडून काय होणार? त्यांना दिसत नाही, म्हणून ते नाही म्हणतात," ती शांतपणे पदर खोचत म्हणायची. "मला दिसतं ना. पुरे झालं." आणि वजनकाट्याची पिशवी खांद्याला लावून निघायची. राजेंद्र गॅलरीतून बघत राहायचा. ती वळणापर्यंत जायची, पट्टा नीट करायला बसायची, उठायची, दिसेनाशी व्हायची. हे बळ कुठून येतं याचा त्याला थांग लागत नसे.

श्रद्धाला, त्यांच्या मुलीला, दिवस गेले होते. तिच्या डोहाळजेवणाची साडी घ्यायला दोघं उल्हासनगरला गेली. दुकानापासून दुकानापर्यंत शालन कशीबशी पोहोचत होती. मधल्या गल्लीत तिचा पाय अगदीच उचलेना. बसायला कट्टा नाही, ओटा नाही. पेरूवाल्याची हातगाडी उभी होती, तिच्या दांड्यावर दोन्ही हात टेकून ती वाकून उभी राहिली.

"माताजी, हात हटाओ, गाडी आगे लेनी है," पेरूवाला म्हणाला.

शालनला हात काढवेना. "मीच ढकलते," ती म्हणाली आणि खरंच ढकलायला लागली.

राजेंद्र ओशाळून मागे धावला. पेरूवाला "अरे अरे" करत बाजूने चालू लागला. आणि शालन चाललीच. गल्ली संपली, कोपरा आला, ती कोपऱ्यावरून वळली, पुढची गल्लीही मागे पडली. कुठेही थांबली नाही. शेवटी पेरूवाल्यालाच दम लागला. ती थांबली तेव्हा तिचा चेहरा राजेंद्रला ओळखू येईना, इतका उजळला होता.

"अहो," ती म्हणाली, "दुखत नाही. वाकून चाललं तर दुखतच नाही!"

पेरूवाल्याने हसत हसत तिच्या हातात दोन पेरू ठेवले आणि म्हणाला, "कल भी आना, माताजी."

 घरी परतल्यावर दाराचं कुलूप काढताना ती एकदम म्हणाली, "श्रद्धाची सायकल अजून जिन्याखाली आहे ना?"

राजेंद्रने सायकलला तेलपाणी केलं, ट्यूब बदलली, सीट खाली घेतली. शालन माहेरी, शेतावर जेवण पोहोचवायला सायकलवरून जायची. त्याला आता जन्म लोटला होता. पहिल्या सकाळी ती बिल्डिंगच्या आवारात दोनदा पडली. गुडघा फुटला. वॉचमन खुर्ची घेऊन धावला. वरच्या गॅलऱ्यांतून हसू ऐकू आलं, "म्हातारपणी हे काय खूळ!" तिने खुर्ची नको म्हटलं, साडी झटकली आणि पुन्हा पाय टाकला. तिसऱ्यांदा मात्र ती फाटकातून निघाली ती थेट रस्त्याला लागली. वाकलेली पाठ, हँडलवर घट्ट हात, आणि पाय फिरतायत, फिरतायत. जिला कोपऱ्यापर्यंत चालवत नव्हतं ती बाई सायकलवर गावाला वळसा घालून आली. राजेंद्र फाटकात उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने बाहीला पुसलं.

त्यानंतर खरवईत अंगणवाडीच्या बाई सायकलवरच दिसू लागल्या. कॅरियरला वजनकाटा बांधलेला, हँडलला पिशवी. गोजरबाई नावाची म्हातारी दारात बसलेली असायची, ती हात जोडून म्हणायची, "बाय माझी, रानी आली."

पण गंमत अशी की सायकलने दुखणं जितकं सोपं केलं, तितकं ते लोकांना पटवून देणं अवघड केलं. मीटिंगमध्ये शालनने बसायला खुर्ची मागितली की बाकीच्या सेविका एकमेकींकडे बघायच्या. आणखी एका डॉक्टरने तर खिडकीतून तिला सायकल लावताना पाहिलं होतं. ती आत गेली तेव्हा तो हसत होता. "सायकल हाणत आलात आणि म्हणता चालता येत नाही? काकू, हे नाटक घरी चालेल, इथे नाही."

 त्या दिवशी शालन सायकल हातात धरून, तिच्यावर ओणवी होऊन घरापर्यंत चालत आली. सीटवर बसावंसंही वाटलं नाही तिला.

मग एक दिवस ती घरी आली ती एकाच पायात चप्पल घालून.

"दुसरी कुठे गेली?" राजेंद्रने विचारलं.

तिने खाली बघितलं. डावा पाय अनवाणी होता, अंगठ्याला खरचटून रक्त आलं होतं. चप्पल कधी निसटली, तिला कळलंच नव्हतं.  जोवर पाय दुखत होता, तोवर तो आपला होता. आता तो दुखायचाही थांबला होता, आणि राजेंद्रला त्याचीच धडकी भरली.

कुणीतरी उल्हासनगरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातल्या डॉक्टर केसवानींचं नाव सांगितलं. दवाखाना लहान, बाहेर बाकांवर ही गर्दी. केसवानी बाई पन्नाशीच्या, चष्मा केसांवर चढवलेला, मराठी-हिंदीची सरमिसळ करत बोलणाऱ्या. शालनने आधीच सांगून टाकलं, "सायकल चालवता येते मला. ते आधीच सांगते. नंतर नाटक म्हणू नका."

केसवानींनी पेन खाली ठेवलं. "सायकलवर दुखत नाही?"

"नाही."

"और खडे रहके?"

"आग होते."

"बाजारात गाडी-बिडी ढकलली तर?"

शालनने राजेंद्रकडे बघितलं. राजेंद्रच्या अंगावर काटा आला. या बाईला पेरूवाल्याचं कोणी सांगितलं?

"चला," केसवानी उठल्या. "माझ्याबरोबर चला."

त्या शालनला घेऊन बाहेरच्या लांब व्हरांड्यात आल्या आणि तिच्या बरोबरीने चालायला लागल्या. बाकांवरचे पेशंट बघत राहिले. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत शालनची चाल मंदावली. तिने सवयीने चपलेकडे हात नेला.

"पट्टा ठीक आहे," केसवानी हळूच म्हणाल्या. "दुखतंय म्हणून बसा."

शालन तिथेच फरशीवर बसली. आणि डॉक्टरही पांढरा कोट सावरून तिच्या शेजारी खाली बसल्या. इतक्या वर्षांत डॉक्टरसमोर शालन पहिल्यांदा रडली. केसवानींनी थांबवलं नाही. रडून झाल्यावर सांगितलं, "पाठीच्या मणक्यांतून नसांची वाट जाते. तुमची वाट अरुंद झालीय. वाकलं की ती जरा उघडते, ताठ झालं की आवळते. सायकल चालते और चलना नहीं होता, यही तो इसकी पहचान है. नाटक नाही हे, काकू. तुम्ही सांगितलेलं सगळं खरं आहे."

एमआरआय आला तेव्हा केसवानींनी तो पडद्यावर राजेंद्रलाही दाखवला. जिथे पांढरी धार सलग उतरायला हवी होती तिथे ती एका ठिकाणी दोऱ्याएवढी झाली होती. राजेंद्रने आयुष्यभर बारीक फटी मोजल्या होत्या. एवढ्याशा फटीत पायांच्या सगळ्या नसा कोंबून ही बाई घरोघर फिरली, हिने खिचड्या ढवळल्या, पोरं कडेवर घेतली. तो पडद्याकडे बघायचा, मग बायकोकडे बघायचा. 

"ऑपरेशनने वाट मोकळी होईल," केसवानी म्हणाल्या. "पण सगळं दुखणं पुसून टाकीन असं मी सांगणार नाही. पायाच्या बोटांचा बधिरपणा राहूही शकतो. उशीर झालाय."

"पोरं उचलता येतील?" शालनने विचारलं.

"जड पोरं नाही. तान्ही उचला."

"तान्हंच येणार आहे घरात," शालन म्हणाली आणि ऑपरेशनला तयार झाली.

ऑपरेशननंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. कुशीवर वळायलाही राजेंद्रचा हात लागायचा. व्यायाम शिकवायला मुलगी यायची तेव्हा शालन दात आवळून घ्यायची. तिला वाटायचं, चाललं होतं ते बरं चाललं होतं, कशाला चिरून घेतलं? पण हळूहळू पोटरीतली आग ओसरली. श्रद्धाला मुलगी झाली, तिला शालनने उभ्याने, खांद्यावर घेऊन, खोलीभर फिरवलं. डाव्या पायाची बोटं मात्र बधिरच राहिली. चप्पल निसटू नये म्हणून ती आता मागे पट्टा असलेली सँडल घालते.

हिवाळ्यातल्या एका सोमवारी ती म्हणाली, "अंबरनाथच्या देवळात जाऊन येऊ." वालधुनीकाठचं ते जुनं शिवमंदिर राजेंद्रच्या कंपनीपासून फार लांब नव्हतं, पण देवाधर्माचा त्याला सोस नव्हता. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर शालन बाहेरच्या भिंतीपाशी थांबली आणि मान मागे टाकून वर बघायला लागली. मान अशी मागे टाकली की पाठही मागे झुकायची आणि तिच्या पायांत वीज जायची, म्हणून वर बघणंच तिने कधीचं सोडून दिलं होतं. आता ती ताठ उभी होती. वरच्या रांगेतल्या कोरीव बायका एकेक करून बघत होती.

"अहो, ती बघा, हातात आरसा आहे तिच्या. आणि ती, पायातला काटा काढतेय वाटतं?"

राजेंद्रने वर बघितलंच नाही. तो तिच्याचकडे बघत होता. हजार वर्षं उभ्या असलेल्या दगडापुढे ताठ उभी असलेली त्याची बायको. त्याला दगडाचं नवल वाटलं नाही.

"दुखतंय का?" त्याने विचारलं.

"थोडं दुखतंय," ती म्हणाली. मग त्याच्या खांद्यावर हात टेकून ती भिंतीच्या पलीकडच्या बाजूला वळली. "त्या अंगाला अजून पाहिलं नाही मी."