चाचांचं अडलेलं गाणं

आमच्या आर्णीच्या गल्लीत वायंडिंगवाले चाचा रोज गिटार वाजवायचे, पण त्यांचं गाणं कुणी ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं ते गाण्याचं अडणं. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं त्यांचं दुकान आमच्या भिंतीला लागून. संध्याकाळी मी चहाचं आधण ठेवलं की पलीकडून सुरू: ट्यां, ट्यां, खट्ट! एक बोट आडवं पाडून सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात म्हणे. तिथेच घोडं अडायचं.

"चाचा, बाकीचं गाणं विकलं काय हो?" मी भिंतीवरून विचारायची.

"जे येते ते कायले वाजवू, वहिनी? घरात येऊन बसलेल्या पाहुण्याले कोणी पुन्हा बोलावते काय?"

गिटार त्यांनी कधी खोळीत ठेवली नाही. दुकानाच्या किल्लीशेजारी खिळ्याला टांगलेली. किल्ली घ्यायला गेलं की हात लागणारच. वाजवायचं ते माझा चहा उकळेपर्यंत, बस्स. "थोडं, पर रोज. उपाशी राहून एकदम पंगतीत बसलं तर पोटच दुखते." आणि ते हळू तरी किती! दोन तारांच्या मधे माझी कणीक मळून व्हायची.

हा सगळा खटाटोप लेकीसाठी. लहानपणी शबानाला ते एक गाणं म्हणून झोपवायचे. लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, बिदाई में वही बजाना." झालं!

बिदाईच्या दिवशी चाचा मांडवात खुर्ची टाकून बसले. वाजवायला लागले आणि आम्ही गल्लीतल्या बाया एकमेकींकडे बघायला लागलो. हे कुठलं बाई गाणं? कधी ऐकलेलंच नाही! मग ती जागा आली. माझा विडा तोंडातच राहिला. चाचांचं बोट आडवं पडलं, तारा स्वच्छ वाजल्या आणि अख्ख्या गल्लीनं टाळ्या पिटल्या. वऱ्हाडी बिचारे चक्रावले. अर्ध्या गाण्यात कसल्या टाळ्या?

टाळ्या थांबल्या, पण गाणं पुढे जाईना.

"अब्बा, आगे?" शबानानं विचारलं.

"आगे तो आसान है, बेटा," चाचा म्हणाले आणि गिटारवर डोकं टेकून रडले. उरलेलं तिनंच गुणगुणत संपवलं.

मी आता यवतमाळला लेकाकडे असते. परवा आर्णीला गेले, तर संध्याकाळी दुकानातून गाणं येत होतं. पुढचं, सोपं. कुठे न अडता.

"चाचा, हे तर येते ना तुमाले? मग त्या पाहुण्याले काहून बोलावून राह्यले?"

"एकट्याले येते, वहिनी. पोरगी समोर बसली का येत नाही. ईदेले येऊन राह्यली ना ते."

आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं.