धुतलेल्या तुळया

कोणी हे वाचलंच तर अक्षराला हसू नये. चौथीनंतर शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ कधी नीट जमलं नाही. पण आमचं घर कसं उभं राहिलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

किरायाची खोली सोडायची होती आणि स्लॅबचं घर आवाक्यात नव्हतं. मोर्शीत एक जुनं सागवानी घर पाडत होते. त्याचा लाकडी सांगाडाच आम्ही विकत घेतला. पैसे माझ्या मोठ्या नणंदेने उसने दिले, मी न मागता, अमरावतीहून येऊन. त्या घराला माळा नव्हता. मधल्या खोलीतली चूल थेट आढ्याखाली, धूर छपराच्या कवेलूंच्या फटींतून जायचा. लाकूड डांबरासारखं काळं झालेलं, पण वाळवी कुठेच नाही. खिळाही नाही. तुळईचं टोक खांबाच्या खाचेत आणि वरून लाकडाची खुंटी. प्रत्येक टोक आपल्याच खाचेपुरतं तासलेलं, दुसरीकडे बसायचं नाही. म्हणून उतरवताना सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रीचाचांनी सगळ्यांवर खडूने आकडे घातले होते.

नव्या घरात काळं लाकूड नको, म्हणून नणंदबाईंनी, मी बाजारात गेले असताना, सोडा घालून सगळं घासून काढलं. आकडेही गेले.

चाचांनी येऊन दोन-तीन तुळया उलटवून पाहिल्या. "काय केलं वो बाई! हे घर होतं, आता जळतन झालं."

"माहे पैसे मीच धुतले, वयनी," बाई रडवेल्या झाल्या.

मी आपली ओल्या तुळया पुसत बसले. एका टोकाशी लाकडातले ओरखडे बोटाला लागले: तीन रेघा, बाजूला त्रिकोण. एका खांबाच्या खाचेपाशीही तसेच. मी चाचांकडे बघून नुसतं त्यावर बोट ठेवलं.

चाचा वाकले. "अरे, हे त जुन्या मिस्त्रीच्या छिन्नीचे निशाण! काजळीखाली दबले होते. बाई, तुमी धुतलं नसतं त दिसलेच नसते."

"मंग माही धुणावळ द्या," डोळे पुसत बाई म्हणाल्या.

निशाण जुळवत घर उभं राहिलं. काम लांबलं, मिस्त्रीचा रोज वाढला. तेवढे माझ्या पैशातून काप, असं बाई म्हणत राहिल्या. मी कापले नाहीत. ते फेडायला दर हंगामात वरूडला संत्री पेट्यांत भरायला गेले.

यंदा शेवटचे पैसे त्याच तीन रेघांच्या खांबापाशी त्यांच्या हातात ठेवले.

"सारे फिटले, बाई."

त्यांनी न मोजता ते कमरेच्या पिशवीत टाकले.