काशीच्या डोक्यावरची वायर

काशीला तुमी बघितली असती तर म्हणाला असता, ही बाई कुणाला घाबरायची नाय. खर्डीच्या बाजारात भाजीच्या भावावरून भल्याभल्यांना गप करायची. पण मला विचारा, शेजारीण हाय मी तिची. थोरला पोर भातसा धरणाच्या पाण्यात बुडाला, तेव्हापासून धाकट्या ऋतिकला घरी यायला जरा उशीर झाला की हिचा जीव टांगणीला.

यंदा भात पिकलं आणि रानडुकरं शेतात घुसली. ऋतिकनं मोटारीच्या लाइनीवर आकडा टाकला आणि बांधाभोवती उघडी वायर फिरवली. काशी त्याच्या हातापाया पडली. नको रे, एखादा माणूस मरंल. ऐकतो कुठला!

झालं तसंच. गावातला कमळू खेकडे धरायला ओहोळावर गेलेला, तो सकाळी काशीच्या बांधाखाली मरून पडलेला. पायावर काळा डाग. भगतानं डाग बघितला आणि सांगून टाकलं, चेटूक झालंय, भुताळीनं धरलाय याला. भुताळी कोण, तर बाईजा. म्हातारी, एकटी, पाठीशी कोण नाय. अशीच बरी सापडते यांना! आणि लगेच कमळूला जाळूनही आले.

काशीनं डाग बघताच ओळखला. घरी आली तर ऋतिक वायर गुंडाळून पेंढ्याखाली लपवत होता.

"आई, तू बोललीस तर मी आत जाईन," तो म्हणाला.

ती गप बसली. हा पण गेला तर मी कुणासाठी जगू, असं मला नंतर रडत सांगत होती. भाकर तिच्या घशाखाली उतरत नव्हती. दारात कुत्रं भुंकलं तरी दचकायची.

राख सावडली त्या दिवशी माणसं काठ्या घेऊन बाईजाच्या अंगणात जमली. म्हातारीला केसाला धरून बाहेर ओढली. आमी बायका कुडाआडून बघत होतो. तेवढ्यात काशी आली. लाकडाचा भारा आणावा तशी डोक्यावर वायरीची गुंडाळी. ती तिनं बाईजाच्या पुढ्यात टाकली.

"सोडा तिला. कमळू या वायरीनं गेला. आकडा मी टाकला."

काशीला घरातला बल्ब बदलायला पण पोर लागतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक. सगळ्यांनी ऋतिककडे बघितलं. काशीनं बघितलं नाय. मुठी आवळून उभी होती. मला वाटलं, पोर आता खरं बोलंल म्हणून घाबरलीय.

ऋतिक खाली मान घालून राहिला. पोलिसांची गाडी आली, आई गाडीत बसली, तरी त्यानं मान वर केली नाय.

गाडीतून काशीनं मला एवढंच सांगितलं, "त्याला जेवायला घाल गो."

घालते रोज. आणि तो जेवतो.