राममुलगा नावाचा टमाटा

आपली फजिती आपणच सांगितलेली बरी. दुसऱ्यांच्या तोंडी गेली की तिला शिंगं फुटतात, शेपूट फुटतं. माझी ही फजिती तारनाक्याच्या आमच्या गल्लीत अजून कुणी ना कुणी सांगतच असतं, तेव्हा चहा होईपर्यंत खुद्द माझ्याकडून ऐकून घ्या.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि त्यातून रोज काहीतरी नवं आत येत होतं. दोन चॅनेलच्या टीव्हीवर एकदम वीस चॅनेल आले. आणि आमच्यासारख्या बागवेड्यांच्या घरात आली बियांची चकचकीत पाकिटं. वर इतका लालबुंद टमाटा छापलेला, की बी पेरण्याऐवजी पाकीटच भाजीत घालावंसं वाटावं. (आम्ही हैदराबादचे मराठी लोक टमाटाच म्हणतो. टोमॅटो म्हणणारा पाहुणा पुण्याहून आलाय हे लगेच ओळखू येतं.)

मी तेव्हा जामबागेतल्या एका शाळेत गणित शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात घरामागच्या चार वाफ्यांत राबत होतो. आमच्या भागातल्या तीसेक घरांचं एक परसबाग मंडळ होतं. मराठी घरं जास्त, दोन-तीन इथलीच तेलंगणातली. महिन्यातून एका रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये जमायचं, एकमेकांच्या दोडक्यांचं कौतुक करायचं, चहा प्यायचा आणि घरी यायचं, एवढाच कार्यक्रम. चिटणीस होते नरसिंगराव. कोर्टातून निवृत्त झालेले, बोलायला मृदू, पण शब्द असा मोजून टाकायचे की समोरच्याला आपण पिंजऱ्यात उभे आहोत असं वाटावं.

तर एका रविवारी नरसिंगरावांनी पाकिटातल्या बियांचे टमाटे आणले. सगळे एका मापाचे, एका रंगाचे. हातात घेतला तर चेंडूसारखा टणक. एक टेबलावरून खाली पडला, दारापर्यंत घरंगळत गेला, आणि उचलून पाहिला तर त्याला ओरखडासुद्धा नाही. सगळ्यांनी वा वा केलं. मला मात्र राहवलं नाही.

मी म्हणालो, "याला टमाटा म्हणायचं? टमाटा कसा होता ते आमच्या लहानपणी बघायला हवं होतं."

आणि मग मी सुटलो. आम्ही गौलीगुड्याला राहत होतो तेव्हा आईनं स्वयंपाकघराच्या मागं रॉकेलच्या डब्यात टमाट्याचं एक झाड लावलं होतं. फळ चपटं, पाकळ्या पाडल्यासारखं, देठाजवळ हिरवं. साल इतकी पातळ, की सकाळी तोडलेलं संध्याकाळपर्यंत फुटायचं. पण त्याचं सार! आई फोडणी द्यायची तेव्हा शेजारची माणसं आपण होऊन वाटी घेऊन यायची. पाटावर बसून आम्ही भावंडं त्या साराच्या शेवटच्या घोटासाठी भांडायचो. घर सुटलं, आई गेली, आणि त्या झाडाचं बी कुणी ठेवलं नाही. 

नरसिंगराव म्हणाले, "मास्तर, पुढच्या महिन्यात तुम्हीच बोला. जुन्या टमाट्यांचे वाण. तासभर."

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला दुसरं कुणी लागत नाही, मी आपला आपणच चढतो. लगेच हो म्हणालो. घरी येताना लक्षात आलं की आपल्याला जुन्या टमाट्याच्या एकाही वाणाचं नाव ठाऊक नाही. आई त्याला नुसतं 'आपलं झाड' म्हणायची.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. गौलीगुड्याच्या बियांच्या दुकानांतून हिंडलो. दुकानदार माझ्यापुढं नवी पाकिटं टाकायचे. जुनं बी हवं म्हटलं की एखाद्या दुखणाइताकडं बघावं तसे बघायचे. पंधरा दिवस गेले, वही कोरी.

आणि एका सकाळी, दात घासताना, शेजारच्या कुंपणावरून मला तो दिसला. चपटा, पाकळ्यापाकळ्यांचा, देठाशी हिरवा. ब्रश तोंडात तसाच राहिला.

शेजारी सुब्बाराव राहायचे, रेल्वेत गार्ड. गोदावरीकाठचे. ते महिन्यातले निम्मे दिवस गाडीवर. त्यांची आई, सत्यवतीअम्मा, नुकतीच गावाहून राहायला आली होती आणि येताना पदराच्या गाठीत बी घेऊन आली होती. सत्तरीची बाई, ठसठशीत कुंकू, तेलुगूखेरीज एक अक्षर येत नव्हतं. आणि मला तेलुगू किती यायचं? जन्म हैदराबादचा, पण घरात मराठी, बाजारात दख्खनी, त्यामुळं तेलुगू भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं.

मी चूळ भरून कुंपणाशी गेलो, त्या फळाकडं बोट केलं आणि हातवारे करून विचारलं, हे काय?

अम्मा माझ्याकडं क्षणभर बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "इदि राममुलग."

राममुलगा! अहो, माझ्या अंगावर काटा आला. तेलुगू बाईच्या तोंडून, गोदावरीकाठच्या झाडाचं नाव, आणि चक्क मराठी! मी पुन्हा विचारलं. अम्मानं पुन्हा तेच सांगितलं, आणखी सावकाश. जुना आहे का, असं विचारलं तर म्हणाली, "चाला पातदि." खूप जुना. एवढं मला कळत होतं.

त्या दिवशी शाळेत मी वर्गाला त्रैराशिक घालून दिलं आणि खिडकीतून बघत बसलो. बसनं घरी येईपर्यंत इतिहास तयार होता. कोणे एके काळी मराठी फौजा दक्षिणेत उतरल्या. त्यांच्यासोबत रामा नावाचा एक माळी. तो गोदावरीकाठी राहिला, त्याच्या मुलानं हा वाण जपला, म्हणून रामाचा मुलगा, राममुलगा. मला एवढा पटला हा इतिहास, की पुरावा शोधायची गरजच वाटेना.

तरी शास्त्रीय पद्धत म्हणून बाजारात चौकशी केली. गौलीगुड्यात पाच भाजीवाल्यांना विचारलं, राममुलगा आहे का? एकानंही नाव ऐकलं नव्हतं. सगळे आपले टमाटा, टमाटा. झालं! बाजाराला नावसुद्धा ठाऊक नाही म्हणजे वाण किती दुर्मीळ!

बायको, सुलभा, म्हणाली, "सुब्बाराव गाडीवरून येऊ देत. त्यांना एकदा विचारून घ्या."

मी म्हणालो, "पन्नास वर्षं या गावात काढली. मला एवढं कळत नाही?"

ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी तेव्हा होकार धरायचो.

मग मी रोज कुंपणाशी जायला लागलो. अम्माच्या वाफ्यात एक लहान गोल फळ होतं. ते दाखवून विचारलं. अम्मा म्हणाली, राममुलग. एक पिवळसर होतं. तेही राममुलग. म्हणजे वाणात पोटप्रकार आहेत! वहीत नोंद केली: राममुलगा थोरला, राममुलगा धाकटा, राममुलगा पिवळा. अम्मा फार प्रेमळ बाई. रोज मला उत्तर द्यायची आणि जाताना टमाटे घातलेल्या वरणाची, म्हणजे पप्पूची, वाटी हातात ठेवायची. मी खायला लागलो की कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहायची. ते पप्पू खाताना, खरं सांगतो, दोनदा माझे डोळे पाणावले. ती चव तीस वर्षांनी भेटत होती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण त्या दिवसांत पेपरात सारखं यायचं की परदेशी लोक आपल्या कडुनिंबावर, हळदीवर हक्क सांगताहेत. माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी नरसिंगरावांकडून तसलाच एक टणक टमाटा घेऊन अम्माकडं गेलो. तिनं तो दाबून बघितला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "अदि कूडा राममुलगे." तोही राममुलगाच.

म्हणजे कंपन्यांनी आमचा राममुलगा चोरून, त्याला टणक करून, पाकिटात भरून आम्हालाच परत पाठवला होता! मी घरी येऊन लगेच मंत्र्यांच्या नावे ठराव लिहायला घेतला.

व्याख्यानाचा रविवार उजाडला. हॉल भरला होता. भिंतीवर मी स्वतः रंगवलेले तीन तक्ते. पुढच्या रांगेत सत्यवतीअम्मा, नवं लुगडं नेसून, मांडीवर टमाट्यांची टोपली घेऊन. मी तिला खास पाहुणी म्हणून आणलं होतं. नरसिंगरावांनी तिला हार घातला, तेव्हा ती लाजून गेली.

मी बोलायला उभा राहिलो आणि काय बोललो म्हणता! फौजा उतरवल्या, रामा माळ्याला गोदावरीकाठी वसवला, त्याच्या मुलाकडून पिढ्यान् पिढ्या बी जपून घेतलं. आईच्या रॉकेलच्या डब्यापाशी आलो तेव्हा दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी 'राममुलगा' म्हटलं की अम्मा आनंदानं मान हलवायची, त्यानं तर मला आणखी चेव चढायचा. तेलंगणातली मंडळीही आदरानं ऐकत होती. त्यांना तो मराठी शब्द वाटत होता, हे मागाहून कळलं.

शेवटी ठराव वाचला. 'राममुलगा वाचवा.' एकतीस सह्या झाल्या.

तेवढ्यात दारातून सुब्बाराव आले. ड्युटीवरून थेट, पांढऱ्या गणवेशातच, आईला न्यायला. मला वाटलं, देवानंच साक्षीदार धाडला. मी त्यांना व्यासपीठाशी बोलावलं आणि म्हटलं, आता आपल्या भाषेतून सांगा सगळ्यांना, राममुलगा म्हणजे काय.

सुब्बाराव गोंधळून म्हणाले, "टमाटा, सर."

"हां, मगर कौनसा टमाटा?"

"कोई भी, सर. हमारे उधर टमाटेकोच राममुलग बोलते."

मी भिंतीवरच्या तक्त्यांकडं पाहिलं. टमाटा थोरला, टमाटा धाकटा, टमाटा पिवळा. पहिली खसखस कुठून आली ते आठवत नाही, पण दुसरी आमच्या सुलभाची होती. मग अख्खा हॉल खो खो हसायला लागला.

नरसिंगराव हसले नाहीत. त्यांनी ठरावाचा कागद नीट घडी घालून माझ्यापुढं धरला आणि मृदूपणे विचारलं, "मास्तर, हा पाठवायचाय का? टमाटा हा टमाटाच असल्याचं मंत्र्यांना कळवायचं झालं तर टपालखर्च मंडळाच्या शिलकीतून करता येईल."

मी खाली बसलो. जमीन दुभंगली असती तर टोपलीसकट आत गेलो असतो. पण अम्माला त्या गोंधळातलं काहीच कळलं नव्हतं. तिला वाटलं सभा संपली. ती उठली, टोपली घेऊन रांगेरांगेतून फिरली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक टमाटा ठेवला. लोक तिथंच चावून बघायला लागले. रस मनगटावरून ओघळायला लागला आणि हसू हळूहळू विरलं. एक म्हातारे गृहस्थ मला येऊन म्हणाले, "नाव काहीही असू द्या मास्तर, चव तीच आहे." सगळ्यांनी बिया रुमालात बांधून घेतल्या. नरसिंगरावांनीसुद्धा. तेवढ्यानं माझ्या जिवात जीव आला.

घरी परतताना आम्ही चौघं चालत होतो. अम्मा लेकाशी काहीतरी बोलत होती आणि सुब्बाराव हसू दाबत होते. मी म्हटलं, सांगा हो, आता आणखी काय बिघडणार आहे?

ते म्हणाले, "जाने दो, सर."

सुलभानंच आग्रह धरला. तेव्हा त्यांनी सांगितलं. पंधरा दिवस हा शिकलेला माणूस रोज सकाळी कुंपणाशी येतो, टमाटा दाखवतो आणि हे काय म्हणून विचारतो. आज सांगितलं तर उद्या पुन्हा विचारतो. अम्माला फार दया आली. बिचाऱ्यानं या वयापर्यंत टमाटाच पाहिलेला नाही. म्हणून ती रोज पप्पू द्यायची, हळूहळू चवीची सवय व्हावी म्हणून. आणि आज एवढ्या लोकांसमोर मी तासभर बिनचूक 'राममुलग' म्हणालो, याचा तिला अतिशय अभिमान वाटत होता.

"अभी भी बोल रही थी, सर," सुब्बाराव म्हणाले, "कि गणित मास्टर को पहले से आता था. टमाटा मैंने सिखाया."