खाणीतली उलटी शिडी

वहिनी तापट आहेत हे खाणीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या तापल्या की लगेच निवतातही, हे मात्र फक्त त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो कुणाला सांगत नसे. नवरा खाणीतला मोजणीदार. सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून या आपोआप सगळ्यांच्या वहिनी झाल्या. वयाने मोठे असलेले मॅनेजरसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत, आणि जरा जपूनच म्हणत.

वहिनींचं काम दिवे वाटण्याचं. खाणीच्या तोंडाशी, जमिनीवर, एक लांबट खोली होती. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला तिथून टोपीवरचा दिवा द्यायचा, आणि तो वर आला की दिवा परत घेऊन त्याच्या खुंटीला लावायचा. खुंटी रिकामी म्हणजे माणूस अजून खाली. बाकीच्यांच्या खुंट्यांकडे वहिनी कामापुरतं बघत. दादांची खुंटी रिकामी असली की मात्र त्यांचा दिवस चिडचिडीत जाई, आणि त्या दिवशी दिवा परत करायला उशीर करणाऱ्याची काही धडगत नसे.

त्याला कारण होतं. डोंगराच्या पोटातून धातूचा दगड फोडून काढला की मागे पोकळी उरते. एखादी पोकळी एवढी मोठी होते की आत चार-पाच मजली इमारत सहज मावेल. तिचा आकार मोजल्याशिवाय शेजारी खणता येत नाही, आणि मोजायला आत तर जाता येत नाही, कारण छतातला दगड कधी सुटेल याचा नेम नसतो. मग दादा कमरेला दोर बांधून पोकळीच्या अगदी तोंडाशी जात, लांब दांड्याच्या टोकाला मोजणीचं यंत्र अडकवत आणि तो दांडा आत धरून उभे राहत. घरी आल्यावर वहिनींनी काही विचारायच्या आत म्हणत, "मला काही होत नाही." लग्न झाल्यापासून हेच पालुपद. वहिनींना त्या चार शब्दांचा मनापासून राग होता.

म्हणून खाणीत पोकळ्या मोजायला ड्रोन आला आणि "कोण शिकणार?" असं मॅनेजरनी विचारलं तेव्हा सगळ्यात आधी वहिनींचा हात वर गेला. दादा तर हसतच सुटले.

"अगं, तुला घरात टीव्हीचा रिमोट सापडत नाही!"

"सापडत नाही, कारण तो तुमच्या पाठीखाली असतो."

शिकवणी रिकाम्या गोदामात झाली. ड्रोनच्या भोवती बारीक काड्यांचा पिंजरा होता, भिंतीला धडकला तरी पंखे मोडू नयेत म्हणून. ती सोय वहिनींनी सुरुवातीला पुरेपूर वापरली. खांब झाला, दार झालं, शिकवणाऱ्याची टोपीही झाली. पण हार मानणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. त्या ड्रोनशी वांड पोराशी बोलावं तसं बोलत. "कुठे निघालास? मागे फिर. शहाणा आहेस ना?" हळूहळू तो खरंच शहाणा झाला, किंवा वहिनींचा हात बसला. दादा येईल त्याला सांगत, "आमची ही हल्ली हवेत असते." पण सांगताना छाती जरा पुढे येई, ते त्यांच्या लक्षात येत नसे.

मग खऱ्या परीक्षेचा दिवस ठरला. सगळ्यात खोल भागात एक भलीमोठी पोकळी मोजायची होती. मॅनेजरनी स्पष्टच सांगितलं, "वहिनी, ड्रोनने नीट नकाशा आणला तर यापुढे एकाही माणसाला पोकळीच्या तोंडाशी पाठवणार नाही. नाही जमलं, तर दादा आहेतच, नेहमीसारखे."

त्या सकाळी वहिनींनी पहिला दिवा स्वतःच्याच टोपीला लावला.

लिफ्ट खाली खाली जात राहिली, हवा गरम होत गेली. बुटांखाली चिखल, वर जाळी ठोकलेलं छत. सुरक्षित अंतरावर, आडव्या साखळीच्या अलीकडे सगळे थांबले. दादांच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं.

"तो कशाला आणलात?"

"असू दे. सवयीने आणला."

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दादा दोन पावलं मागे सरले.

ड्रोन गुणगुणत उठला, साखळीवरून पुढे गेला, वळला आणि दिसेनासा झाला. टॅबलेटवरचं चित्रही गेलं. हे होणारच होतं. वळणापलीकडे लहरी पोचत नाहीत, आणि एवढ्या खोल वाट दाखवणाऱ्या उपग्रहाचाही उपयोग नाही. ड्रोन सगळीकडे लेसरचे किरण फेकत स्वतःची वाट स्वतः शोधतो आणि बॅटरी उतरायला लागली की आल्या वाटेने परततो. हे सगळं वहिनींना पाठ होतं. तरी त्या काळोखाकडे डोळे लावून पुटपुटत राहिल्या, "ये रे बाबा, ये लवकर."

आला! टाळ्या पडल्या. दादांच्या सगळ्यात मोठ्या होत्या. पण नकाशा उघडला आणि टाळ्या विरल्या. लाखो ठिपक्यांनी पोकळी छान रेखली होती. भिंती, छत, सगळं जिथल्या तिथे. पण तळाच्या खाली आणखी एक पोकळी होती. तेवढीच मोठी.

मॅनेजर गंभीर झाले. "तळ पोकळ असेल तर हा सगळा भाग बंद करावा लागेल. आणि ड्रोन चुकत असेल, तर त्याच्यावर विसंबता येणार नाही. दादा, उद्या तुम्हालाच बघावं लागेल."

"बघतो की," दादा म्हणाले. "दोर आणलाच आहे. मला काही होत नाही."

वहिनींचं टाळकंच फिरलं. राग ड्रोनचा, दोराचा, त्याहून जास्त त्या चार शब्दांचा. त्यांनी मॅनेजरच्या हातातला टॅबलेट जवळजवळ हिसकावून घेतला आणि बोटाने नकाशा फिरवायला लागल्या. वरून, खालून, आडवा, तिरका.

"अहो, ही शिडी बघा. खालच्या पोकळीत उलटी का लटकलीय?"

दादा वाकले. "ही तर जुन्या वाटेतली शिडी! पोकळी वाढली तशी वाट फोडली गेली, ही भिंतीला तशीच राहिली. हिची खालून दुसरी पायरी मोडली होती, माझ्याच पायाने." त्यांनी बोट ठेवलं. वरच्या शिडीला खालून दुसरी पायरी नव्हती. खालच्या शिडीला वरून दुसरी नव्हती.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पाणी!" मॅनेजरनी कपाळावर हात मारला. "तळाला पाणी साचलंय. संथ पाणी म्हणजे आरसाच की. लेसर त्यावरून उलटून वर गेला, आणि ड्रोनला वाटलं खाली दुसरं घर आहे!"

"खात्री करायची तर पाणी हलवलं पाहिजे," दादा म्हणाले. "तोंडाशी जाऊन एक दगड टाकला की..."

"तुम्ही गप उभे राहा," वहिनी म्हणाल्या. "याचे पंखे काय कमी वारा करतात? या खेपेला अगदी खालून उडायचं आधीच ठरवून देते. पाणी हललं की आरसा मोडेल."

मॅनेजर चाचरले. "वहिनी, फार महाग आहे तो. बुडाला तर?"

"बुडाला तर ड्रोन बुडेल, साहेब. माणूस नाही."

मॅनेजरनी स्वतःच नवी बॅटरी पुढे केली.

दुसऱ्या खेपेला ड्रोनला जास्त वेळ लागला. वहिनींनी चार वेळा नाक पुसलं, सर्दी नसताना. शेवटी गुणगुण ऐकू आली. वळणावरून ड्रोन डुलत आला, पिंजऱ्यातून पाणी गळत होतं, अंगभर चिखल. "अरे माझ्या राजा!" वहिनी ओरडल्या. नकाशा उघडला. पोकळी एकच होती. खाली सपाट तळ. शिडीही एकच, आणि सुलटी.

मॅनेजर एखाद्या शाळकरी पोरासारखे उड्या मारायचे तेवढे बाकी होते. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आजपासून पोकळीच्या तोंडाशी कुणीही जायचं नाही. दादा, तुम्हीसुद्धा नाही."

वहिनी विजयी मुद्रेने नवऱ्याकडे वळल्या. काय काय ऐकवायचं, सगळं जिभेवर तयार होतं. पण दादा भिंतीशी एका दगडावर बसले होते. दोर खाली पडला होता, आणि ते हसत होते, आणि हसताहसता डोळे पुसत होते.

"काय झालं हो?"

"काही नाही. सुटलो. मला दर वेळी भीती वाटायची गं."

वहिनींना आधी खरंच वाटेना. "आणि मला इतकी वर्षं सांगत होतात, मला काही होत नाही म्हणून?"

"तुला कुठे सांगत होतो? स्वतःला सांगत होतो."

जिभेवर आलेलं सगळं वहिनी विसरल्या. मॅनेजरसमोर, सगळ्या माणसांसमोर, कधी नव्हे तो त्यांनी नवऱ्याचा हात धरला, आणि लिफ्ट वर उजेडात येईपर्यंत सोडला नाही.