खाडीपलीकडे ऐकू जाईल असा भोंगा

दादाची मोटार वजनाने इतकी बेताची होती, की चिखलात चाक रुतले तर मिठागरावरचे चौघेजण ती सरळ उचलून कोरड्यावर ठेवीत. दोन माणसांपुरती, उघडी, हिरव्या रंगाची, शर्यतीच्या मोटारींच्या घडणीची ही गाडी दादाने विलायतेस परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. तिचे इंजिन ऐटीत गुरगुरे. भोंगा मात्र अगदीच किरकोळ होता. बटण दाबले, की पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकावी तसा एक बारीक सूर निघे आणि भाईंदरच्या रस्त्यावरचे बैल त्याकडे ढुंकूनही पाहत नसत. दादा पाहुण्यांना सांगे, "इंजिनाला माझा आवाज दिलाय आणि भोंग्याला आमच्या धाकट्याचा."

पाहुणे हसत आणि मीही हसे, कारण तुलना रास्त होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी एक वर्ष शाळेत शिकविले होते. माझा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही, असा मुख्याध्यापकांचा अभिप्राय पडल्यावर मी भाईंदरच्या मिठागरावर नोकरी धरली. तेथे वाफ्यातल्या पाण्याचा खारटपणा काचेच्या नळीने मोजावयाचा असे, आणि खाऱ्या पाण्याशी मोठ्याने बोलावे लागत नाही. तरीही शाळेतल्या त्या एका वर्षामुळे सर्वजण मला मास्तरच म्हणत राहिले.

वहिनीचे माहेर खाडीपलीकडे, वसईकडच्या काठावर होते. वरसाव्याला खाडीवर पूल नाही. काशीमिऱ्यावरून घोडबंदरच्या रस्त्याने काठापर्यंत यावे, मोटार चिंचेखाली उभी करावी आणि होडीने पलीकडे जावे, असा दादाचा शिरस्ता होता. होडीवाल्याचे घर पलीकडे असल्याने होडीही बहुधा तिकडेच असे. अलीकडून तिला बोलवावे लागे. दादा तोंडाभोवती हातांचा द्रोण करून अशी हाक मारी, की होडीवाला तिकडून हात हलवी आणि मधल्या पाण्यावरचे बगळे उठत. होडीवाला प्रत्येकाची हाक ओळखत असे. कोण आहे, कोणाच्या घरी जावयाचे आहे, घाई आहे की नाही, हे सारे त्याला हाकेवरूनच समजे.

दादा आठ दिवसांच्या तापाने गेला. तेरा दिवस झाल्यावर वहिनी माहेरी निघून गेली. भाईंदरच्या दोन खोल्या आणि मोटार यांच्यासह मी मागे राहिलो. एकोणचाळिसाव्या वर्षी मी मोटार चालविण्यास शिकलो. उशिरा शिकणाऱ्याच्या हातात कधीच न येणारा सहजपणा माझ्याही हातात आला नाही. पण दर दुसऱ्या रविवारी त्याच मोटारीने, त्याच रस्त्याने वहिनीकडे जावे, यापलीकडे माझ्या आठवड्यात वाट पाहण्याजोगे काही नव्हते. रेल्वेने पूल ओलांडून नायगावला उतरणे आणि पुढे चालत जाणे शक्य होते. ते मी कधीच केले नाही.

मला हाक मारता येत नसे. काठावर उभा राहून मी भोंगा वाजवी. तो खाडीच्या मध्यापर्यंतसुद्धा पोहोचत नसावा. मग मी बोनेटला टेकून उभा राही आणि पलीकडे जाणारे दुसरे कोणी येण्याची वाट पाही. कधी पाव तास, कधी दीड तास. कोणीतरी येई, हाक मारी, आणि त्याच्याबरोबर मी गुपचूप होडीत बसे. वहिनी विचारी, "आज उशीर झाला, भाऊजी?" मी सांगे, "रस्त्यात गुरे होती." तिला खरे काय ते ठाऊक असावे. ताट वाढताना ती रस्त्यातल्या गुरांची चौकशी फार गंभीरपणे करी.

एका पौष महिन्यात तिचे कार्ड आले. तिच्या भावाची जबलपूरला बदली झाली होती आणि तिने व आईने बरोबर यावे असा त्याचा आग्रह होता. शेवटची ओळ अशी होती : "मी अद्याप होकार दिलेला नाही. आपले मत काय ते कळवावे."

माझे मत अगदी तयार होते. भाईंदरच्या दोन खोल्या दादाच्या, म्हणून तिच्या होत्या. तिने आईला घेऊन तेथे राहावे आणि मी मिठागराच्या कचेरीमागच्या खोलीत बिऱ्हाड हलवावे. दोन वेळा नाही, तरी एक वेळ तिच्या हातचे जेवून जावे, एवढेच माझे मागणे असते. कोऱ्या कार्डासमोर मी बराच वेळ बसलो आणि अखेर लिहिले, "प्रत्यक्ष भेटीत बोलू." मग मनाशी ठरविले, की या वेळी काठावर दुसऱ्या कोणाची वाट पाहत ताटकळावयाचे नाही. आधी भोंगा बदलावयाचा.

आज हा विचार लिहून काढताना त्यातला वेडेपणा मला स्वच्छ दिसतो. तेव्हा तो फार व्यवहारी वाटला होता.

मिठागराचे पंप सांभाळणारा उत्तनचा एक ख्रिस्ती मिस्त्री होता. बोटीच्या इंजिनघरात पंधरा वर्षे काढलेल्या या मनुष्याला कोणत्याही यंत्राविषयी आदर नव्हता. माझा भोंगा त्याने एकदा वाजवून पाहिला.

"मास्तर, यो भोंगा न्हाय, मच्छर हाय."

"खाडीपलीकडे ऐकू जाईल असा हवा आहे."

"खाडीपलीकडं? तिकडं कोन हाय इतका भयरा?"

खर्च किती येईल, एवढेच मी विचारले. मोडीत निघालेल्या एका लॉरीचा जोडभोंगा त्याने कोठून तरी पैदा केला. दोन कर्णे, एक खर्जातला आणि एक वरच्या सुराचा. पहिल्या रविवारी त्याने तो बोनेटखालच्या पत्र्यावर बसविला. गाडीचा पत्रा इतका हलका, की भोंग्याबरोबर सारी गाडीच थरथरून वाजू लागली आणि दिव्याची काच निखळून पडली. दुसऱ्या रविवारी दोन दिव्यांच्या मधल्या लोखंडी दांड्यावर तो पक्का केला. या वेळी पत्रा शांत राहिला, पण कर्ण्यांतून नुसती घरघर निघाली आणि बटण असे तापले की माझा अंगठा पोळला. मिस्त्रीने तार दोन बोटांत धरून दाखविली. "ही सुतासारखी तार मच्छरापुरती हाय. या रेड्यांना पाजायला जाड तार पायजे."

तिसऱ्या रविवारी त्याने बॅटरीपासून कर्ण्यांपर्यंत जाड तार ओढली आणि मध्ये एक लहानशी पेटी बसविली. बटणातून जाणारा क्षीण प्रवाह त्या पेटीतली लोखंडी जीभ ओढून घेई आणि ती मिटली, की खरा जोराचा प्रवाह दुसऱ्या वाटेने कर्ण्यांकडे जाई. "बटणानं फकस्त हुकूम द्यायाचा," मिस्त्री म्हणाला, "बोंब दुसऱ्यानं मारायाची." ही योजना मला मनापासून आवडली. दांड्यावरचा रंग खरवडून त्याने कर्ण्यांचा लोखंडाशी नीट संबंध जुळविला आणि मला बटण दाबावयास सांगितले.

वाफ्यांवरचे सगळे बगळे एकदम उडाले. मिठाच्या राशीवर चढलेली एक बाई टोपली टाकून खाली बसली. मिस्त्रीने छातीवर क्रूस काढला आणि मग स्वतःच पोट धरून हसला. जुना भोंगा त्याने चिंध्यांत गुंडाळून आपल्या हत्यारांच्या पेटीत ठेवला.

या तिन्ही रविवारी मी वहिनीकडे गेलो नव्हतो. मोटार दुरुस्तीस आहे, ही सबब खरीच होती. चौथ्या आठवड्यात दुसरे कार्ड आले. येत्या रविवारी दुपारी तीन वाजता बैलगाडीने वसईरोड स्टेशनकडे निघावयाचे ठरले होते. "आपण सकाळी अवश्य यावे. वाट पाहीन."

त्या रविवारी अकराच्या आतच मी वरसाव्याच्या काठावर होतो. भरती पूर्ण होती. पाणी पायऱ्यांना लागले होते. पलीकडे होडी दिसत होती, तिच्याजवळ होडीवाला दिसत होता, दोन बाया कपडे धूत होत्या, आणि वर झाडाखाली कोणी बसलेले होते. सांगावयाचे वाक्य मी रस्ताभर घोळवून पाठ केले होते. मी बटण दाबले. आवाज पाण्यावरून सरळ गेला आणि पलीकडच्या टेकडीवर आपटून परत आला.

पलीकडच्या बाया उठल्या. कपडे गोळा करून त्या वर निघून गेल्या. होडीवाल्याने होडी ढकलली, तेव्हा मला वाटले तो निघाला. पण ती काठाकाठाने सरकत तिवरांच्या दाट झुडपांत शिरली आणि दिसेनाशी झाली. झाडाखाली बसलेली व्यक्तीही तेथे राहिली नाही. मला वाटले, होडीवाल्याला दुसरे काही काम निघाले असेल. थोडे थांबून मी पुन्हा वाजविला, मग आणखी लांबवून. पलीकडच्या काठावर एक कुत्रे तेवढे उरले होते. तिसऱ्या वेळी तेही गेले.

असे जवळजवळ तीन तास गेले. पाणी पायऱ्या सोडून बरेच मागे हटले होते. तेव्हा डोक्यावर रिकामी टोपली घेतलेली एक वृद्ध कोळीण आली आणि माझ्याकडे व मोटारीकडे आळीपाळीने पाहत उभी राहिली.

"कवापासून वाजवतंस? मी पार नाक्यावरशी आयकते."

"होडी येत नाही," मी म्हणालो.

"येल कशी? तू सायेब हायस कं?"

"नाही."

"मंग सायबाचा भोंगा कशाला वाजवतंस? मोठा भोंगा म्हंजे सायेब. सायेब आला का होडी धरतो दिसभर. कवा बंदुकी घेऊन बदकं माराला, कवा मडमेला घेऊन हवा खावाला. होडीवाला भाकर खायाला बी सुटत न्हाय. त्यो लपला तिवरांत." तिने टोपली खाली ठेवली. "हाक मार."

"तुम्हीच मारा ना, आजी."

"माझा गला बसलाय, तीन दिस खोकते. तुजा गला काय बोनेटखाली ठेवलास?"

मी पाण्याच्या कडेपर्यंत गेलो. दादासारखा हातांचा द्रोण केला. पहिल्या वेळी नुसती हवा निघाली. दुसऱ्या वेळी निघालेला आवाज मलाच अनोळखी वाटला आणि तो चिखलातच पडला. म्हातारी मागून म्हणाली, "मेल्या, मढ्याला उठवतंस का निजवतंस?" तिसऱ्या वेळी होडीवाल्याला हाक मारावयाची मी विसरलो. मी ओरडलो, "वहिनीऽऽ!"

थोड्या वेळाने तिवरांतून होडीचे टोक बाहेर आले.

ओहोटीमुळे होडी काठाला लागू शकली नाही. गुडघाभर चिखल तुडवीत म्हातारी आणि मी तिच्यापर्यंत गेलो. होडीवाल्याने मला ओळखून कपाळाला हात लावला. "मास्तर, तुमी! चिंचेच्या सावलीत मोटार दिसली न्हाय, मना वाटला लाटसायेबच आयला. तुमची वहिनी तर फाटेपासून पलीकडं झाडाखाली बसलेली. ती बी बोलली, यो आमचे भाऊजींचा भोंगा न्हाय, त्यांचा बारीक हाय. म्हून मी लपलो बिनघोर."

मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले नाही. पाहिले असते तरी होडी त्याहून वेगाने चालणार नव्हती.

पलीकडे पोहोचलो तेव्हा बैल जुंपलेले होते आणि गाडीत वळकट्या चढल्या होत्या. वहिनी उतारापर्यंत खाली आली. माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहून तिने आधी पाणी आणविले. मग फडक्यात बांधून ठेवलेल्या पोळ्या माझ्यापुढे ठेवल्या.

"तो तुमचा भोंगा होता?" तिने विचारले.

"नवा बसविला. तुम्हाला ऐकू यावा म्हणून."

"मी सकाळपासून त्या जुन्या आवाजाकडे कान लावून बसले होते. तो इथवर येत नाही असं तुम्हाला वाटायचं, होय ना? वारा इकडचा असला की येतो. मी होडीवाल्याला सांगायची, जा, भाऊजी आलेत. तो म्हणायचा, हाक आली नाही तर मी कशाला जाऊ?"

मी पोळी खाली ठेवली आणि पाठ केलेले वाक्य म्हणून टाकले. दोन खोल्या, तिची आई, कचेरीमागची माझी जागा, सारे एका दमात. ते वाक्य मुळीच वाईट नव्हते. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"भाऊजी, एवढं कार्डावर लिहायचं होतंत. मत मागितलं होतं ना मी?" ती रागावली नव्हती. "आई परवाच सोबत मिळाली म्हणून पुढे गेली. तिकडे बिऱ्हाड मांडून झालं असेल. आता भाऊ कामावर गेला की ती तिथं एकटी आणि मी इथं, असं कसं करू?"

वरून तिच्या भावाने हाक दिली, "ताई, चल गं, गाडी चुकेल."

"जुना भोंगा कुठे आहे?" तिने उठता उठता विचारले.

"मिस्त्रीच्या पेटीत."

"टाकू देऊ नका."

बैलगाडी वळणाआड गेल्यावरही तिच्या चाकांचा आवाज काही वेळ येत राहिला. फडक्यात दोन पोळ्या उरल्या होत्या. त्या मी होडीत बसून खाल्ल्या, कारण त्या तशाच घरी नेणे मला जमण्यासारखे नव्हते.

पुढच्याच आठवड्यात मिस्त्रीने जुना भोंगा पुन्हा जागेवर बसविला. का, असे त्याने विचारले नाही; फक्त एवढेच म्हणाला, की जाड तार राहू द्या, मच्छराला जास्त पाजून कोणी मेले नाही. जबलपूरहून वर्षातून दोन-तीन पत्रे येतात. आता मी उत्तरे लांबलचक लिहितो आणि मत विचारलेले नसले तरी ते देतो. लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल चिठ्ठीवर मिळते, त्यामुळे मोटार बहुतेक वेळ मिठाच्या कोठाराशेजारी ताडपत्रीखाली उभी असते.

मात्र त्या वर्षी, पेट्रोल हवे तेवढे मिळत होते तेव्हा, मी आणखी एकदा वरसाव्याला गेलो होतो. काम काही नव्हते. रविवार होता आणि मोटार आपोआप त्या रस्त्याला लागली, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. मी चिंचेखाली गाडी उभी केली, भोंग्याला हात लावला नाही आणि पाण्याकडे पाहत राहिलो. होडीवाला भर खाडीत होता. हिरवी मोटार पाहून तो वल्ही थांबवून उभा राहिला आणि त्याने तिकडून हाळी दिली.

"मास्तर होऽऽ! येवाचं हाय कंऽऽ?"

त्याला इकडे उगाच फेरा पडू नये, म्हणून उत्तर देणे भाग होते. मी काठावर पुढे झालो, तोंडाभोवती हात धरले आणि ओरडून सांगितले, "नाहीऽऽ!" आवाज सरळ पाण्यावरून गेला. पहिल्याच हाकेला त्याला तो ऐकू आला. त्याने हात हलविला आणि होडी पलीकडे वळविली.