एक किताबू, दोन विताबू
लवंगेचा डबा उघडला की मला अजून कल्याणचं बंदर आठवतं. आगगाडी आली तरी तेव्हा खाडीतून गलबतं येत असत, आणि डोलकाठी मोडलेलं असंच एक गलबत आठवडाभर अडकून पडलं होतं. त्यावर आफ्रिकेतल्या जंगबारचा एक खलाशी होता. त्याची स्वाहिली भाषा शिकायची म्हणून मी, शाळेत व्याकरण शिकवणारा मास्तर, रोज संध्याकाळी लवंगांच्या गोण्यांवर त्याच्याशेजारी जाऊन बसे. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत आमचं बोलणं चाले. एके दिवशी माझ्या हातातल्या पुस्तकाला तो "किताबू" म्हणाला. ओळखीचा शब्द भेटला म्हणून मी खूश झालो आणि पिशवीतलं आणखी एक काढून दोन पुस्तकं पुढे केली, तर म्हणतो, "विताबू." "अरे, किताबू. चुकलास," मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि कमरेचा सुरा उपसला. मी गोणीवरून उठलोच. "किसू," तो शांतपणे म्हणाला. मग मासे कापणाऱ्या सोबत्याचाही सुरा घेऊन दोन्ही माझ्यापुढे धरले. "विसू." मी पुन्हा गोणीवर बसलो. ही भाषा अनेकवचन शब्दाच्या शेवटी नाही, सुरुवातीला करत होती. परक्या कुर्सीची आपण खुर्ची केली आणि पुढे खुर्च्या, तसंच अरबांच्या किताबाला तिने आपल्या सुऱ्यांच्या पंगतीत बसवलं होतं. त्या आनंदात बंदरापासून घरापर्यंत मी धोतर सावरत धावत गेलो. वर्गात आता कुणी चुकलं, तर छडीकडे हात जाण्याआधी मी विचारतो, "बरं, असे दोन असले तर काय म्हणशील?"